मचूळ पाण्यातलं मीठ कार्बनने ओढायचा प्रयत्न : माहीमच्या बाल्कनीतल्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

आमच्या इमारतीपासून समुद्र पाच मिनिटांवर. सोसायटीच्या बोअरचं पाणी मचूळ, म्हणून ते फक्त फ्लशला जातं. गेल्या मे महिन्यात नळाला पाणी कमी होतं तेव्हा तीन आठवडे मी तेच पाणी मोगऱ्याला घातलं. पानांच्या कडा करपल्या, कुंडीतल्या मातीवर पांढरी साय धरली. सहापैकी चार कुंड्या गेल्या. त्या माझ्या सासूबाईंनी लावलेल्या होत्या.

आज टीडीएस पेनने, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा अंदाज देणाऱ्या मीटरने, मोजलं. बोअर १८५०, महापालिकेचा नळ ७० (पीपीएम, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम).

घरगुती आरओने हे काम होतं, ते मला माहीत आहे. पण मी बावीस वर्षं एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलंय आणि एक पद्धत कधीपासून डोक्यात आहे. कार्बनचे दोन पट्टे समोरासमोर ठेवायचे, मधून खारं पाणी सोडायचं आणि सव्वा व्होल्टच्या आसपास दाब द्यायचा. सोडियम ऋण पट्ट्याकडे जाऊन चिकटतो, क्लोराइड धन पट्ट्याकडे. दाब काढला की दोघे परत पाण्यात येतात, ते पाणी टाकून द्यायचं. ना रसायन, ना मोठा पंप. हे आपल्या हाताने होतं का ते पाहायचंय. ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी चुकांसकट लिहून ठेवते.

११ जानेवारी, शनिवार

खरेदी. लॅमिंग्टन रोडला तारा, मल्टिमीटर, छोटा पंप. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या दर्जाचं सोडियम क्लोराइड आणि पीएच पेपर. नागदेवी स्ट्रीटला गॅस्केटवाल्याकडून ग्राफाइटची शीट, कारण कार्बनला वीज पोचवायला पाठीमागे काहीतरी न गंजणारं हवं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

संध्याकाळी धीर धरवला नाही. ग्राफाइटच्या दोन पट्ट्या एका काचेच्या भांड्यात मिठाच्या पाण्यात उभ्या केल्या आणि जुन्या मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट जोडले. लगेच दोन्हीकडून बुडबुडे. दोन मिनिटांत स्वयंपाकघरात क्लोरीनचा वास. पीएच पेपर एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळा. खिडक्या उघडून सगळं बंद केलं.

पाणी फुटायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात बुडबुडे त्याच्या जरा वर दिसतात, पण ५ म्हणजे नुसतं विघटन. आयन, म्हणजे मिठाचे विजेचा भार असलेले कण, पृष्ठभागावर नुसते बसून राहायला हवेत, तिथे त्यांची रासायनिक क्रिया होता कामा नये. बंद खोलीत हा प्रयोग अजिबात करू नका.

उपाय सोपा निघाला. एलएम ३१७ नावाची व्होल्टेज नियंत्रक चकती वीस रुपयांना मिळते, तिची समायोजनाची तार सरळ ऋण टोकाला जोडली की ती १.२५ व्होल्टच देते. याहून कमी ती देत नाही आणि आपल्याला तेवढंच हवंय.

१८ जानेवारी, शनिवार

पूर्ण आठवडा वाया. डिस्टिल्ड पाण्यात मीठ घालून ५०० चं द्रावण केलं होतं. १.२५ व्होल्टवरही ते पिवळट होऊ लागलं आणि टीडीएस कमी व्हायच्या ऐवजी ५०० वरून ५४० वर गेला. मला वाटलं मीठच खराब. नवं द्रावण केलं, तेच. डिस्टिल्ड पाणी बदललं, तेच.

भाचा आला होता, त्याने ग्राफाइटची कड नखाने उलगडली. "मावशी, हे नुसतं ग्राफाइट नाही. आत पत्रा आहे."

गॅस्केटला मजबुती यावी म्हणून काही ग्राफाइट शीटच्या पोटात स्टीलचा दातेरी पत्रा दाबलेला असतो. धन बाजूला तो गंजून लोखंड पाण्यात उतरत होतं. दुकानदाराचा दोष नाही, मी विचारलंच नव्हतं. परत जाऊन बिनपत्र्याची शीट आणली. मागताना "आत इन्सर्ट नको" असं स्पष्ट सांगा आणि दुकानातच कड उलगडून पाहा. ५०० रुपये गेले.

२६ जानेवारी, रविवार

साचा तयार झाला. दोन ॲक्रिलिकच्या प्लेटा, कडेला सिलिकॉन रबर, आठ बोल्ट. आत ग्राफाइट, त्यावर १० बाय १० सेंटिमीटरचा कार्बन फेल्टचा (कार्बनच्या धाग्यांच्या जाड, मऊ कापडाचा) तुकडा, मध्ये मच्छरदाणीच्या जाळीचे दोन थर, मग दुसरा फेल्ट आणि ग्राफाइट. जाळी नसेल तर दोन्ही फेल्ट एकमेकांना टेकतात आणि सगळी वीज तिथूनच पळते.

गळती तीनदा झाली. बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळायचे, गाडीच्या चाकासारखे. एकाच बाजूने आवळला की रबर दुसरीकडे उचलतं.

मग चालवलं. २०० मिली पाणी, ५०० पीपीएम, तासभर. आकडा ५००. व्होल्टेज बरोबर, तारा बरोबर, पण करंट जवळजवळ नाहीच, ३ मिलीअँपिअर. रात्री साडेअकरापर्यंत जोड तपासत बसले.

२ फेब्रुवारी, रविवार

कारण सापडलं आणि या सगळ्या नोंदींतलं सर्वांत उपयोगी वाक्य कदाचित हेच असेल: कार्बन फेल्ट आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन फेल्ट दिसायला सारखेच असतात.

साधा फेल्ट भट्टीच्या इन्सुलेशनसाठी वापरतात. त्याचे धागे गुळगुळीत, एका ग्रॅममागे पृष्ठभाग एक चौरस मीटरही भरत नाही. ॲक्टिव्हेटेडच्या धाग्यांना अतिसूक्ष्म भोकं असतात आणि एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग दडलेला असतो. आयनांना बसायला जागाच नसेल तर करंट कुठून येणार? मी ७०० रुपयांचा साधा फेल्ट आणला होता.

ओळखायची युक्ती: क्रॉफर्ड मार्केटला मासे आणि टाक्यांच्या दुकानांत मिथिलीन ब्लूची छोटी बाटली मिळते. ग्लासभर पाण्यात दोन थेंब टाकून फेल्टचा नखाएवढा तुकडा बुडवायचा. ॲक्टिव्हेटेड असेल तर काही तासांत पाणी नितळ. साधा असेल तर रात्रभरही निळं. दुकानातून आधी नमुना आणून घरी तपासा, मगच मोठा तुकडा विकत घ्या. ती बाटली नंतर आणखी एका ठिकाणी कामी आली.

९ फेब्रुवारी, रविवार

नवा फेल्ट, एका तुकड्याचं वजन २ ग्रॅम. कारखान्यातली भुकटी निघून जावी म्हणून डिस्टिल्ड पाण्यात तीनदा धुतला. मग साच्यात बसवून २०० मिली पाणी सोडलं.

करंट सुरुवातीला ३४० मिलीअँपिअर! टीडीएस ५०० वरून ४६०, ४१०, ३७०, आणि चाळीस मिनिटांनी ३३४. घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. भाच्याला फोटो पाठवला. एक तृतीयांश मीठ गेलं होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

तळमजल्यावरचे सर रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. सकाळी दूध आणायला जाताना त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आकडे शांतपणे ऐकले आणि विचारलं, "वहिनी, बटण बंद ठेवून केलंत का?"

केलं नव्हतं.

वर येऊन केलं. तेच फेल्ट परत डिस्टिल्ड पाण्यात धुऊन, तसंच ५०० चं नवं पाणी, तोच पंप, वीज नाही. चाळीस मिनिटांनी आकडा: ४०३.

वीज न लावताही ९७ कमी. बराच वेळ समजेना. मग फेल्ट हातात घेऊन पिळला तेव्हा उजेड पडला. ३ मिलिमीटर जाडीचा स्पंजासारखा तुकडा आहे तो. दोन्ही तुकड्यांत मिळून ५० मिली धुण्याचं डिस्टिल्ड पाणी राहिलं होतं. २०० मिलीत ५० मिली शुद्ध पाणी मिसळलं की ५०० चं ४०० होणारच. मीठ कुठेही गेलं नव्हतं, मी फक्त पाणी घातलं होतं.

कालच्या १६६ पैकी ९७ ही नुसती भेसळ. खरं काम ६९ चं. वाईट वाटलं, पण ६९ उरले याचं जास्त बरं वाटलं. आता नियम ठरवला: फेल्ट आदल्या रात्री त्याच ५०० च्या पाण्यात भिजत ठेवायचा, सकाळी ते पाणी बदलायचं, आणि प्रत्येक नव्या मांडणीची पहिली फेरी बिनविजेची.

१६ फेब्रुवारी, रविवार

नियमाने केलं. बिनविजेची फेरी: ५०० वरून ४९८. ठीक. विजेची फेरी: ५०० वरून ४३०, एकूण २५० मिली पाणी. म्हणजे १७.५ मिलिग्रॅम मीठ गेलं. दोन वेळा करून पाहिलं, दुसऱ्यांदा ४३२.

मधली एक फेरी रद्द करावी लागली. भांडं उन्हात राहिलं आणि पाणी २४ अंशांवरून ३१ वर गेलं. टीडीएस पेन मीठ मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं, आणि ती दर अंशाला साधारण दोन टक्क्यांनी वाढते. माझं पेन तापमानाचा हिशेब धरत नाही. तेव्हापासून भांडं सावलीत आणि शेजारी थर्मामीटर.

आज पहिल्यांदा विजेचाही हिशेब ठेवला. भाचा दर तीस सेकंदांनी करंट वाचत होता, मी लिहीत होते. चाळीस मिनिटांत एकूण ९२ कूलंब (कूलंब म्हणजे किती वीज वाहिली त्याचं माप, अँपिअर गुणिले सेकंद).

१७.५ मिलिग्रॅम म्हणजे ०.३ मिलिमोल (मोल हे कणांची संख्या मोजायचं एकक). प्रत्येक आयनामागे एक इलेक्ट्रॉन धरला, मोलमागे ९६,४८५ कूलंब, तर लागायला हवेत २९. लागले ९२. बाकीचे ६३ गेले कुठे?

काही भाग सापडला. शेवटी करंट शून्यावर न येता १२ मिलीअँपिअरवर थांबतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ऋण बाजूला वीज खातो, आणखीही बारीक क्रिया चालतात. चाळीस मिनिटांचे ते २९ कूलंब; याला मी विजेची गळती म्हणते. तरीही ३४ कूलंबांचा पत्ता नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. सरांकडे वही घेऊन गेले. त्यांनी कागदावर एक भोक काढलं आणि त्यात दोन्ही चिन्हांचे ठिपके भरले.

मी आतापर्यंत असं धरून चालले होते की ऋण भार दिला की सोडियम येतो. सर म्हणाले, येतो, पण भोक आधीपासून रिकामं नाही. त्यात खारं पाणी आहे, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड दोन्ही बसलेले आहेत. कार्बनवर एक ऋण भार वाढला तर तो भागवायचे दोन मार्ग. एक सोडियम बाहेरून आत येईल, किंवा एक क्लोराइड आतून बाहेर जाईल. कार्बनला दोन्ही सारखेच. पण पाण्याच्या दृष्टीने पाहा. धन पट्ट्यावर याच वेळी उलट चाललंय. ऋण पट्ट्याने क्लोराइड बाहेर टाकला आणि धन पट्ट्याने तो उचलला, तर वीज खर्च झाली आणि मीठ जिथल्या तिथे.

माझे ३४ कूलंब इथे गेले होते. मीठ ओढण्याऐवजी नको असलेल्या आयनांना हाकलण्यात.

पुस्तकातली चित्रं सपाट पृष्ठभागाची असतात. गुई यांनी १९१० साली, चॅपमन यांनी १९१३ साली पृष्ठभागाजवळच्या आयनांच्या ढगाचं गणित मांडलं, स्टर्न यांनी १९२४ साली अगदी चिकटलेला थर त्यात घातला. ५०० पीपीएमच्या मिठाच्या पाण्यात त्या ढगाची जाडी साधारण ३.३ नॅनोमीटर येते. आणि आपल्या फेल्टची भोकं २ नॅनोमीटरहूनही अरुंद. समोरासमोरच्या भिंतींचे ढग एकमेकांत घुसलेले. इथे "भिंतीजवळ" आणि "भिंतीपासून दूर" असं काही उरतच नाही, पूर्ण भोक एकच जागा होते. म्हणून भार पुरेसा वाढला की नको असलेले आयन जवळजवळ सगळेच बाहेर पडतात, आणि त्यानंतरचा प्रत्येक भार फक्त हव्या त्या आयनाला आत आणतो.

हे शेवटचं वाक्य मी वहीत दोनदा लिहिलं, कारण त्यातून करण्यासारखं काहीतरी निघत होतं. सुरुवातीचे काही दशांश व्होल्ट हाकलण्यात जातात, शेवटचे ओढण्यात. मग दर फेरीला शून्यापर्यंत खाली यायचंच कशाला?

२३ फेब्रुवारी, रविवार

आतापर्यंत मीठ सोडवताना दोन्ही पट्टे तारेने जोडून पूर्ण शून्यावर आणत होते. आज ०.५ व्होल्टवर थांबवलं. मल्टिमीटरकडे बघत बसायची गरज नाही: सोडवण्याच्या वाटेत एक साधा सिलिकॉन डायोड घातला. त्याच्यातून अर्ध्या व्होल्टच्या खाली फारसा करंट जातच नाही, आपोआप थांबतं. डायोड पाच रुपयांचा. भाच्याची कल्पना.

०.५ ते १.२५ अशी फेरी, पंचवीस मिनिटांची. टीडीएस ५०० वरून ४४४, म्हणजे १४ मिलिग्रॅम. एकूण वीज ५८ कूलंब, गळतीचे १८ वजा जाता ४०. मिठाला लागले २३.

आधी गळती सोडून ६३ मधले २९ कामी येत होते, म्हणजे ४६ टक्के. आता ५८ टक्के. मीठ थोडं कमी निघतं पण पंधरा मिनिटं वाचतात, दिवसाकाठी जास्त फेऱ्या होतात. एवढ्या दिवसांच्या धडपडीत हा एक बदल असा की जो आधी समजला आणि मग केला. बाकी सगळे आधी बिघडले आणि मग समजले.

१ ते ८ मार्च

आयन निवडणाऱ्या पडद्यांचे दोन तुकडे मिळाले, २४०० रुपयांना. एक पडदा फक्त धन आयनांना जाऊ देतो, दुसरा फक्त ऋण आयनांना. फेल्टच्या तोंडावर पडदा लावला की हाकललेला आयन बाहेर पडूच शकत नाही, मग कार्बनला हवा तो आयन आत घेण्यावाचून मार्ग नाही. कागदावर उत्तम.

चूक पहिली: कोरडा असताना मापात कापला. भिजल्यावर तो फुगून साच्यापेक्षा मोठा झाला, सुरकुत्या पडल्या आणि कडेने पाणी निसटायला लागलं. आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा, मग कापा.

चूक दुसरी: दोन्ही पडदे पिवळसर तपकिरी, ओले झाल्यावर कोणता कोणता ते कळेना. अंदाजाने लावले. टीडीएस ५०० वरून ४९१ वर अडकला. तीन दिवस मी साचा उघडझाप करत राहिले. मग मिथिलीन ब्लूची आठवण झाली. त्याचा रंग धन आयनाचा असतो. कापून उरलेल्या दोन्ही कातरणी एका थेंबाच्या पाण्यात टाकल्या. एक गडद निळी झाली, दुसरी तशीच. निळी झालेली धन आयनांना आत घेणारी, ती ऋण पट्ट्यासमोर हवी. मी उलट लावली होती.

बदलल्यावर ५०० वरून ३७२. बत्तीस मिलिग्रॅम, गळती सोडून ६२ कूलंब, त्यातले ५३ कामाचे. ८५ टक्के! तोच फेल्ट, तोच दाब, तेच पाणी. मी तो आकडा बघून गप्प बसले काही वेळ.

पण बोअरच्या पाण्यासाठी सहा जोड्यांचा मोठा साचा करायचा होता, आणि एका जोडीला २४०० म्हणजे सहा जोड्यांना माझ्या ऐपतीबाहेर. मोठा साचा बिनपडद्याचाच करायचा ठरवलं.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड, पाणी नव्हतंच. आज सहा जोड्यांचा साचा पहिल्यांदा बोअरच्या पाण्यावर. एलएम ३१७ चार मिनिटांत हात लावता येईना इतकी तापली आणि स्वतःहून बंद पडली. खारं पाणी वीज जास्त सहज नेतं, शिवाय जोड्या सहा. सुरुवातीची मागणी ५ अँपिअरच्या घरात, ती चकती दीडच्या वर देत नाही. ५ अँपिअरचं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारं तयार सर्किट) आणलं, करंटची मर्यादा ठरवता येते असं. डायोडही जाड घेतला.

१६ मार्च, रविवार

एक लिटर बोअरचं पाणी, एकामागून एक फेऱ्या. १८५० वरून १७७०, १७१०, १६८०, १६७०, १६६८. पाचव्या फेरीनंतर हलेचना.

यावेळी लगेच कळलं, कारण हीच चूक फेब्रुवारीत वेगळ्या वेषात भेटली होती. फेल्टच्या पोटात पाणी राहतं. मीठ सोडवलेलं खारट पाणी, दोनशे मिलीहून जास्त, आतच राहतं आणि पुढच्या फेरीत माझ्या चांगल्या पाण्यात मिसळतं. फेरीने काढलेलं मीठ तेवढ्यानेच परत येत होतं.

उपाय दोन. बोल्ट आवळून प्रत्येक फेल्ट ३ मिलिमीटरवरून साधारण १ वर दाबला. ग्राफाइटशी त्याचा जोडही सुधारला, हे अनपेक्षित. आणि प्रत्येक बदलाच्या वेळी माशांच्या टाकीच्या हवेच्या पंपाने आतलं पाणी बाहेर फुंकायचं. आता मागे राहतं साधारण ६० मिली.

हिशेब केला तर बोअरच्या पाण्यात गळती सोडूनही जेमतेम ३८ टक्के वीज कामी येते. ५०० च्या पाण्यात ५८ होती. पाणी जितकं खारं तितके भोकात आधीपासून बसलेले नको असलेले आयन जास्त, हाकलण्याचं काम जास्त. समुद्राच्या पाण्याला, लिटरमागे ३५ ग्रॅम मिठाला, ही पद्धत का लावत नाहीत ते मला आता बोटांनी कळलं.

२२ मार्च, शनिवार

आठवडाभरात फेरीमागचं मीठ ९० मिलिग्रॅमवरून ७० वर आलं. साचा उघडला. ऋण बाजूच्या फेल्टवर पांढरा कडक थर, बादलीच्या बुडाला बसतो तसा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, आणि गळतीच्या क्रियांनी ऋण बाजूचं पाणी अल्कधर्मी होतं, तिथे चुना बसतो. दोन चमचे लिंबूसत्त्व अर्धा लिटर पाण्यात, तासभर फिरवलं. फसफस थांबेपर्यंत. मग भरपूर धुतलं. परत ८६.

धन बाजूचा कार्बन हळूहळू ऑक्सिडाइज होतो, त्याला लिंबूसत्त्वाचा उपयोग नाही. म्हणून आठवड्यातून एकदा पूर्ण शून्यावर आणून तारा उलट करते, म्हणजे झीज दोन्हीकडे वाटली जाते. पडदे लावलेल्या साच्यात हे करता येणार नाही, लक्षात ठेवा.

एक गोष्ट मुद्दाम पाहिली. आधीचं आणि नंतरचं पाणी दोन बाटल्यांत घेऊन सारखाच साबण किसून हलवलं. टीडीएस एक तृतीयांश कमी झाला होता, पण फेस त्या मानाने कितीतरी जास्त. कॅल्शियमवर दुहेरी भार, त्याला कार्बन सोडियमपेक्षा जास्त घट्ट धरतो. पेनला हा फरक दिसत नाही.

२९ मार्च, शनिवार

पैसे: ॲक्रिलिक ९००, बोल्ट-रबर ४००, चुकीचा फेल्ट ७००, बरोबर फेल्ट १६००, ग्राफाइट दोन्ही मिळून १३००, इलेक्ट्रॉनिक्स ६५०, पंप ३००, मीठ, पाणी, निळी बाटली मिळून ३५०, पेन ४५०, पडदे २४००. एकूण ९,०५०. यातले १,२०० सरळ वाया. वेळ तेरा शनिवार-रविवार.

कमिटीचे सेक्रेटरी बघून गेले, गच्चीवरच्या बागेला वापरता येईल का विचारलं. खरं ते सांगितलं. एक लिटर १८५० वरून ११०० वर आणायला बारा फेऱ्या, आठ तास. वीज फार नाही, पंप सोडून लिटरला २ वॉट-तास. पण तेवढंच पाणी सोडवण्यात खारट होऊन फ्लशला जातं. नळाचं ७० चं पाणी आणि बोअरचं पाणी अर्धं-अर्धं मिसळलं तर एका मिनिटात ९६० मिळतं. बागेसाठी ते करा म्हटलं. पडदे स्वस्त मिळाले तर पुन्हा बोलू.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारून झाल्यावर पहाटे पाचपासून चालू असलेला साचा पाहिला, तेव्हा आठवी फेरी सुरू होती. दुपारी एक वाजता बारावी संपली. तापमान २९, पेन दोनदा बुडवून पाहिलं: १०९६.

उरलेल्या दोन कुंड्यांपैकी डावीकडच्या कुंडीला हे पाणी घातलं, उजवीकडच्या कुंडीला नळाचं. दोन्हींवर आजची तारीख चिकटवली आहे. संध्याकाळी साच्याच्या तारा उलट करायच्या आहेत.